‘किती वेळ दगड बघायचे?’

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे, मोठं आहे. त्यांची ओळख कळू नये म्हणून ते थोडक्यात देते. त्या छत्रपती संभाजीनगरात राहतात, कला महाविद्यालयात शिकल्या आणि आता एका शाळेत चित्रकला शिकवतात. सासर परभणी जिल्ह्यातलं. गेल्या मे महिन्यात सासूबाई, चुलत सासरे, जाऊबाई, नणंद, नणंदेचे यजमान आणि मुलं असे नऊ जण आले होते. ताईंनी एका दिवसात त्यांना देवगिरी, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, पाणचक्की, बीबी का मकबरा आणि शेवटी पैठणीची दुकानं एवढं सगळं दाखवलं. त्यासाठी पहाटे चारला उठून डबे केले, गाडीचं भाडंही स्वतः भरलं. वेरूळला सासूबाई गुडघ्यांमुळे गाडीतच बसून राहिल्या. ताई कैलास लेण्याची माहिती सांगत होत्या तेव्हा नणंदेचे यजमान म्हणाले, ‘किती वेळ दगड बघायचे?’ आणि सगळे हसले. रात्री भांडी घासताना ताईंना रडू आलं. आता डिसेंबरात तीच मंडळी पुन्हा येणार आहेत. ताई विचारतात, एका दिवसात प्रत्येकाच्या आवडीचं कसं बसवू? ज्यांना कलेत रस नाही त्यांना लेण्यांत न्यावं तरी का, की सरळ देवदर्शन आणि बाजार करून परत आणावं? त्यांचे यजमान म्हणतात, ‘ते म्हणतील तसं कर, वाद नको.’

ताई,

तुमचं पत्र मी दोन वेळा वाचलं. पहिल्या वेळी त्या दगडांच्या वाक्यापाशी आले आणि माझंही डोकं तापलं. दुसऱ्या वेळी कागद घेतला आणि तुम्ही लिहिलेल्या वेळा मांडत गेले. आठला घर सोडलं. देवगिरी चढून उतरेपर्यंत साडेदहा. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन आणि चहा धरून साडेअकरा. घृष्णेश्वराच्या रांगेत तासभर. डबा गाडीतच कसाबसा उरकला आणि कैलासाच्या चौकात पाय ठेवला तेव्हा सव्वा वाजला होता. मे महिन्यातला सव्वा. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाचे उभे कडे, वारा नाही, आणि खालची फरशी चपलेतून भाजतेय. सकाळपासून पाच तास पायांवर असलेला माणूस त्या क्षणी जे बोलला, त्यावरून त्याला कला कळते की नाही हे ठरवू नका. त्याला सावली हवी होती.

तरीही सगळे हसले ते तुम्हाला लागलं, आणि ते लागणारच. पत्राच्या मधेच तुम्ही लिहून गेलात की लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण सासरच्या कुणी तुमचं एकही चित्र आपणहून पाहायला मागितलं नाही. त्या दुपारी कैलासात तुम्ही जे सांगत होता त्यात ही पंधरा वर्षंही होती. मंडळी मात्र सहलीला आलेली. तुमच्या मनात काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि तो लागावा असं तुम्हीही कधी काही बोलला नव्हता. म्हणून मला वाटतं, या वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पाहुण्यांचा दिवस चांगला जाणं ही एक. आपल्या माणसांना आपलं काम दिसावं ही दुसरी. दुसरी गोष्टही तेवढीच महत्त्वाची आहे, पण तिचा भार त्या एका दिवसावर टाकू नका. ती घरीही होईल. पाहुणे येतील तेव्हा चित्रांची वही कपाटात न ठेवता दिवाणावर ठेवा. कुणी उघडली तर उघडली.

आता तुमचं मुख्य गृहीतक बघू. तुम्ही लिहिता, ‘त्यांना कलेत रस नाही.’

माझ्या वडिलांचे एक मावसभाऊ होते, जिंतूर तालुक्यातले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आयुष्यभर विहिरी खोदायचं काम केलं. शाळेत चौथीच्या पुढे गेले नाहीत. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना वेरूळला नेलं. मीही तेव्हा तुमच्यासारखीच तयारी करून गेले होते. राष्ट्रकूट, आठवं शतक, कृष्ण पहिला, सगळं पाठ. नानांनी त्यातलं काही ऐकलं असं मला वाटत नाही. ते चौकात उभे राहिले आणि देवळाकडे न बघता मागच्या कड्याकडे बघत बसले. जवळजवळ शंभर फूट उंच सरळ कापलेला तो कडा. बराच वेळ त्यावरच्या छिन्नीच्या खुणा त्यांनी नजरेनं वरून खाली मोजल्या असाव्यात. मग म्हणाले, ‘हे तं वरून उतरलेत की. हिरीवानी.’

कैलास वरून खाली कोरत आणलं हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. ते कसं असेल हे मला त्या दिवशी कळलं. आधी तिन्ही बाजूंनी चर खोदत खाली जायचं आणि मधे सोडलेल्या दगडातून शिखरापासून देऊळ काढत यायचं. परांचीची गरज नाही, कारण उभं राहायला न कापलेला दगड पायाखाली आहेच. चुकीला मात्र जागा नाही. नानांनी पुढचा प्रश्न विचारला तो मला एकाही पुस्तकानं सुचवला नव्हता. ‘डबर कुठं टाकलं असंल?’ विहिरीचं काम करणाऱ्याला पहिली काळजी निघालेल्या दगडाची असते. यारी, म्हणजे दगड वर ओढायचं यंत्र, कुठं लावायची, ढीग कुठं करायचा, पावसात तो परत आत तर येणार नाही. इथून निघालेला दगड लाखो टनांच्या हिशेबात सांगतात. नाना तासभर त्याच विचारात होते आणि परतताना गाडीत मला विहिरीचा घेर कसा आखतात ते समजावत होते.

हे तुम्हाला एवढं सांगते आहे त्याला कारण आहे. ज्यांनी ते वाक्य म्हटलं ते नणंदेचे यजमान गवंडीकामाची कंत्राटं घेतात असं तुम्हीच लिहिलं आहे. ताई, तुमच्या सगळ्या पाहुण्यांमध्ये दगडाशी रोजचा संबंध असलेला तोच एक माणूस आहे! त्यांना शैली आणि शतक सांगू नका. त्यांना विचारा. ‘दाजी, हे काम तुमच्याकडे आलं असतं तर सुरुवात कुठून केली असती?’ आणि मग गप्प राहा. त्यांनी काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. पण विचारलेला माणूस आणि ऐकवलेला माणूस वेगळ्या डोळ्यांनी बघतो, हे तुम्ही वर्गात रोज अनुभवत असाल.

सासूबाईंचं तसंच. तुम्ही लिहिता की त्या दर वर्षी पारायणाला बसतात, रामायण त्यांना तोंडपाठ आहे. कैलासाच्या मुख्य मंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर एका अंगाला रामायणाचा पट कोरलेला आहे आणि दुसऱ्या अंगाला महाभारताचा. ओळीखाली ओळ, छोट्या छोट्या आकृती. हा पट खालच्या चौकातूनच दिसतो, जिना चढायची गरज नाही. सासूबाईंना चौकापर्यंत हळूहळू आणा, सोबत घडीचं स्टूल न्या आणि त्यांना पटासमोर बसवा. मुलांना त्यांच्याजवळ सोडा. वानरं दगड वाहताहेत तिथपर्यंत कथा कशी आली हे आजीनं नातवंडांना सांगायचं. तिथून जवळच रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. खाली वीस हातांचा रावण जोर लावतोय, वर पार्वती घाबरून शंकराचा हात धरते आहे, मागे एक दासी पळत सुटली आहे, आणि शंकर शांत बसून नुसत्या पायानं डोंगर दाबतो आहे. ती पळणारी दासी कुणी आधी शोधली यावर पोरांची भांडणं लागतील. लागू द्या. मे महिन्यात सासूबाई गाडीत बसून राहिल्या, कारण ‘गुडघे दुखतात’ याचा अर्थ सगळ्यांनी ‘बघायचं नाही’ असा घेतला. त्यांना चढायचं नव्हतं, एवढंच.

दुसरं गृहीतक म्हणजे ‘एवढं लांबून आलेत, सगळं दाखवलंच पाहिजे.’ हे आपल्याकडे घरोघरी असतं. पाहुणा जेवताना नको म्हणाला तरी ताटात पोळी वाढायची, तसं दिवसातही वाढत जायचं. पण परभणीहून सकाळची रेल्वे धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस संभाजीनगरात असतो. ही मंडळी अधूनमधून येतातच. एका दिवसात सात ठिकाणं दाखवायची घाई कुणाला आहे? त्यांनी तरी मागितलं होतं का? तुमच्या पत्रात मला फक्त तीन मागण्या सापडल्या. सासूबाईंना घृष्णेश्वर, जाऊबाईंना पैठणी, आणि भाच्याला अजिंठा. बाकीची यादी तुमची आहे.

त्यातला अजिंठा या एका दिवसात बसत नाही, हे भाच्याला सरळ सांगा. जायलाच शंभर किलोमीटर आहे, तिथे गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावं लागतं, मग चढण. आणि अजिंठ्याची चित्रं अंधारात आहेत. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायलाच काही मिनिटं लागतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, घाईत बघितला तर भिंतीवरचा तपकिरी डाग दिसतो. शांत उभं राहिलं की हळूहळू ती झुकलेली नजर वर येते. त्यासाठी वेगळा दिवस हवा, आणि तो सोमवार नको, कारण अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं. पाहुण्यांची तिकिटं काढण्याआधीच हे बघून ठेवा. वेरूळच्या बंद दारासमोर नऊ जणांना घेऊन उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

देवगिरीही या वेळी सोडा. तिथली अंधारी, ती काळोखी वळणाची वाट, मुलांना फार आवडते हे खरं. पण पायऱ्या शेकड्यांनी आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली थांबवून बाकीच्यांनी वर जायचं म्हणजे पुन्हा तोच प्रकार. वेरूळच्या रस्त्यावर गाडीतून तो डोंगर आणि चांदमिनार दिसतो, तेवढं पुरे. तिथं रस्त्याकडेला फळं विकायला बसलेल्या बायका असतात. डिसेंबरात जे असेल ते घ्या. मुलांना किल्ल्यापेक्षा हे जास्त लक्षात राहिलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मग दिवस कसा काढायचा? मी असते तर सकाळी सहाला निघून आधी घृष्णेश्वर केलं असतं. देऊळ पहाटेच उघडतं, आणि सासूबाईंचं दर्शन झालं की त्यांचा जीव थाऱ्यावर येतो. नंतर दिवसभर ‘रांग वाढेल’ ही टोचणी नको. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे चुलत सासऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे दारात अवघडणार नाहीत. हे लाल दगडाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलं. सासूबाईंना ते माहीत असण्याची शक्यता माझ्यापेक्षा जास्त आहे. डिसेंबरात तिथं सकाळी चांगली थंडी असते, शाली घ्या.

तिथून लेणी हाकेच्या अंतरावर. चित्रकार म्हणून तुम्ही म्हणाल की वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, खरा उजेड दुपारनंतर आत येतो. बरोबर आहे तुमचं. तुम्ही एकट्या असाल तेव्हा चारच्या उन्हात जा. नऊ जणांना घेऊन जाताना गर्दी आणि ऊन चुकवणं महत्त्वाचं, म्हणून सकाळ. एकूण ३४ लेणी आहेत, पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा नाद करू नका. तीनच घ्या. १६ क्रमांकाचं कैलास, त्याला भरपूर वेळ. मग १० क्रमांकाचं विश्वकर्मा, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. तिथं वर बघितलं की छताला लाकडी फासळ्या असाव्यात तसा सगळा दगडच कोरलेला दिसतो. लाकडी बांधणीची सवय दगडात उतरली आहे. हेही दाजींना दाखवण्यासारखं. आणि ज्यांचे पाय चालतात त्यांनी ३२ क्रमांकाची जैन इंद्रसभा बघावी, तिथं वरच्या मजल्यावरचे खांब आणि कमळाचं छत बघून माणूस बोलायचा थांबतो. तिकडचं अंतर जास्त आहे, पण आत छोट्या गाड्यांची सोय असते, ती विचारून घ्या. अकरा-साडेअकराला तिथून निघायचं. एखादं लेणं राहिलं म्हणून हळहळायचं नाही.

जेवण करून घरी या आणि दोन तास झोपा. सहलीच्या दिवशी दुपारी झोपणं हे आपल्याला पाप वाटतं. पण मे महिन्यातलं तुमचं सगळं दुखणं दुपारी बारा ते चारच्या मधलं आहे. त्या चार तासांत कुणीच कुणाशी नीट बोललेलं नाही.

चारच्या पुढे मकबरा. तिथं गेल्यावर ‘ताजची नक्कल’ हे शब्द कुणाच्या तोंडून आधी येतात बघा, बहुतेक आपल्याच. ते टाळा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर १६६० च्या सुमारास बांधली, आणि प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता अशी नावं आहेत. मुलांना एक काम द्या, संगमरवर कुठं संपतो ते नुसत्या नजरेनं शोधायचं. खालचा पट्टा संगमरवरी, वरचा घुमट संगमरवरी, आणि मधलं बहुतेक सगळं काळ्या दगडावर चढवलेला पांढरा गिलावा. त्या गिलाव्यात वेली, पानं, जाळीची नक्षी काढलेली आहे. काही ठिकाणी पापुद्रा सुटला आहे आणि खालचा दगड दिसतो. साडेतीनशे वर्षांहून जुना गिलावा इतका कसा धरून राहिला, हे सांगू शकेल असा माणूस तुमच्या घरात आहे. तो कोण हे मी पुन्हा सांगत नाही.

वेळ उरला तर पाणचक्की जवळच आहे. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं आणि त्यावर जातं फिरवलं, फकिरांसाठी पीठ दळायला. वडाच्या सावलीत हौदाकाठी बसायला बरं वाटतं. नाही जमलं तरी काही अडत नाही.

आता तुमचा दुसरा पर्याय, ‘सरळ देवदर्शन आणि बाजार’. त्यात मला काहीच कमी वाटत नाही. फक्त तुम्ही तो शब्द जरा हरल्यासारखा लिहिला आहे, तेवढं मला खटकलं. जाऊबाई पैठणी बघतात तेव्हा काय करतात ते कधी जवळून पाहिलंय का? चांगली जाणकार बाई पदर हातात घेते आणि पहिल्यांदा उलटा करते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा मुनिया, म्हणजे छोटा पोपट, विणतानाच धाग्यात धागा गुंतवून काढलेला असतो, म्हणून मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. ती अंगठ्याच्या नखानं काठ चाचपते, उजेडाकडे धरून रंग बघते, कारण उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असला की साडी हलवताना दोन रंग दिसतात. हे बघणं तुमच्या चित्रकलेच्या बघण्यापेक्षा कमी नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचं नाव ज्या पैठणवरून पडलं ते आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. पुढच्या खेपेला जाऊबाईंना फक्त तिथं न्या, मागावर विणताना बघायला. हिमरूची शालही दाखवा. सूत आणि रेशीम मिसळून विणलेलं हे कापड याच शहराची ओळख आहे, आणि विणणारे फार थोडे उरलेत. दुकानात घेतली नाही तरी हातात घेऊन बघायला सांगा.

त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांनी एकत्रच असलं पाहिजे हा हट्ट सोडा. जाऊबाई आणि नणंद पैठणीकडे, पुरुष मंडळी आणि मुलं गुलमंडीच्या बाजारात खायला-फिरायला, सासूबाई घरी टेकलेल्या. आठ वाजता सगळे जेवायला भेटायचं. एकत्र कुटुंबाच्या सहलीत दोन तास वेगळे गेले म्हणजे रात्रीच्या गप्पांना विषय मिळतो.

खर्चाचं आणि डब्यांचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं रडू येण्यात त्याचाही वाटा होता. पहाटे चारपासून राबलेल्या बाईला दुपारी कुणी हसलं की ते चौपट लागतं. या वेळी डबा आदल्या रात्री सगळ्या मिळून करा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा, बस. प्रवासात धपाट्यासारखं काही नाही, आणि लाटायला नणंदेला बसवलं तर तिलाही परकं वाटणार नाही. गाडीचं भाडं वाटून घ्यायचं हे तुमच्या यजमानांनी सांगायचं, कारण माणसं त्यांची आहेत. ‘वाद नको’ म्हणणाऱ्यानं वाद होऊ नये म्हणून थोडं काम करायला हवं. पाहुणे यायच्या आठवडाभर आधी त्यांनी भावाला आणि दाजींना फोनवर एवढंच म्हणावं, ‘गाडी मोठी करतोय, एवढे होतील, तिघांत वाटू.’ आधी सांगितलं की कुणाला वावगं वाटत नाही. नंतर मागितलं तर वाटतं. तिकिटांचं फार नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांत आणि मकबऱ्यात तिकीटच नसतं.

आणि दिवसाच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा. ‘उद्या तुम्हाला काय बघायचंय, एकच सांगा.’ लहान मुलांनाही विचारा. सगळी उत्तरं बसणार नाहीत, हे तिथंच सांगा. कुणी ‘तुम्ही न्याल तिकडं’ म्हणालं तर पुन्हा विचारू नका, काही माणसांना खरंच चालतं.

हे फक्त संभाजीनगरकरांसाठी नाही. अंबाजोगाईत, औंढ्यात, नळदुर्गला राहणाऱ्या बायकांची अशीच पत्रं येतात. हत्तीखान्याची लेणी, औंढा नागनाथाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं, नळदुर्गचा पाणीमहाल, पाहुणे येऊन दहा मिनिटांत फोटो काढून जातात म्हणून वाईट वाटतं. त्यांनाही मी हेच म्हणेन. एका ठिकाणी जास्त वेळ थांबा, आणि पाहुणा आयुष्यभर जे काम करत आला त्या कामाचं तिथं काय आहे ते त्याला विचारा. शेतकऱ्याला पाणी कुठून येतं ते दिसतं. शिंप्याला मूर्तीच्या वस्त्राची चुणी दिसते. सोनाराला दागिने.

आता शेवटची गोष्ट. पत्राच्या तळाशी तुम्ही कंसात लिहिलं आहे, ‘नणंदेची मुलगी सुताराच्या झोपडीत मागं राहिली, सगळे गाडीत बसून खोळंबले, तेव्हा तिला ओरडा बसला.’ ती नववीत आहे, वहीत काहीतरी काढत बसली होती, असंही तुम्ही लिहिलं आहे. ताई, तुम्ही सगळ्यांना कला दाखवण्यात इतक्या गुंतला होता की एकटी जी बघत होती ती तुमच्याही नजरेतून सुटली. तिला ओरडणाऱ्यांत तुम्ही होता की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारतही नाही.

मंडळी डिसेंबरात परत निघतील तेव्हा नणंदेला म्हणा, हिला दोन दिवस माझ्याकडे राहू दे, मी रेल्वेत बसवून देईन. बाकीचे गेल्यावर तिला घेऊन दुपारची वेरूळची बस धरा. दोन पेन्सिली, एक खोडरबर, एक जाड कागदाची वही, पाण्याची बाटली. चित्र ठेवायची तिवई नेऊ नका, तिला परवानगी लागते. कैलासाच्या पायथ्याशी जी हत्तींची रांग देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे, त्यातला एक हत्ती तिला निवडू द्या. एक तुम्ही निवडा. शेजारी शेजारी बसा, आणि पाचच्या सुमाराला उजेड हत्तींच्या गुडघ्यांवर उतरेपर्यंत तिच्या वहीत डोकावू नका.